न काढलेल्या तेलाची ताकद

ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची मोठी बैठक संपली की एक निवेदन निघतं. त्याला बहुधा एक तक्ता जोडलेला असतो. एका बाजूला देशांची नावं आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकाने रोज किती पिंपं तेल काढायचं त्याचा आकडा. तेलाचा दर त्या तक्त्यात कुठेच नसतो. आजपासून एक पिंप अमुक डॉलरलाच विकायचं, असा हुकूम सोडण्याची पद्धत १९८० चं दशक संपता संपता मोडीत निघाली, ती निघालीच.

तरीही 'ओपेकने तेल महाग केलं' अशा बातम्या येतच राहतात, आणि त्या खोट्या नसतात. दर न ठरवता दर हलवायची ही किमया समजून घ्यायची तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. या देशांची ताकद ते विकत असलेल्या तेलात जेवढी आहे, त्याहून जास्त ते जमिनीखाली मुद्दाम राखून ठेवलेल्या तेलात आहे. ज्याच्याकडे बंद ठेवलेला, पण हवा तेव्हा उघडता येणारा नळ आहे, त्याचं बाजार ऐकतो. गेल्या शंभर वर्षांचा तेलाचा इतिहास पाहिला तर हा नळ कोणाच्या हातात होता आणि तो हातातून कसा निसटला, याचीच ती हकीकत आहे.

थोडी तूट, मोठा भडका

जग रोज १० कोटी पिंपांहून थोडं जास्त तेल वापरतं. एका पिंपात साधारण १५९ लिटर मावतं. या आकड्याची खोड अशी की तो दरामुळे चटकन हलत नाही. तेल महागलं म्हणून ट्रक उद्यापासून दुसऱ्या कशावर चालत नाही, विमान उड्डाण सोडत नाही, जहाज बंदरात बसून राहत नाही. कालांतराने लोक कमी तेल पिणाऱ्या गाड्या घेतात, कारखाने यंत्रं बदलतात, पण त्याला वर्षं लागतात. पुरवठ्याचंही तसंच. नवं तेलक्षेत्र सापडल्यापासून त्यातून पहिलं पिंप बाहेर पडेपर्यंत कित्येकदा पाच-दहा वर्षं जातात.

म्हणून थोडीशी तूटसुद्धा दराला मोठा झटका देते. समजा, दर १० टक्के वाढला की वापर लगेच फक्त अर्ध्या टक्क्याने घटतो. मग बाजारात एक टक्का तेल कमी पडलं तर वापर तेवढा खाली आणायला दर २० टक्के चढावा लागेल. प्रत्यक्षात आकडे असे काटेकोर चालत नाहीत, पण हिशेबाची जात हीच आहे.

आता हाच हिशेब विकणाऱ्याच्या बाजूने करू. एखादा देश १०० पिंपं ६० डॉलरने विकतो, त्याला ६,००० डॉलर मिळतात. सगळ्या मोठ्या निर्यातदारांनी मिळून उत्पादन ५ टक्के कमी केलं आणि दर ७२ डॉलरवर गेला, तर ९५ पिंपांचे ६,८४० डॉलर होतात. कमी विकून जास्त पैसे, आणि न विकलेली पाच पिंपं जमिनीखाली शिल्लकच. निर्यातदार देशांनी एकत्र येण्यामागचं सगळं आकर्षण या छोट्या गणितात आहे. हे आकडे पुढे पुन्हा लागणार आहेत.

कल्पना टेक्सासची

उत्पादन आवरून दर सांभाळायची कल्पना अरबांची असावी असं आपल्याला वाटतं. ती आहे अमेरिकेची.

१९३० साली पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड मोठं तेलक्षेत्र सापडलं. ज्याच्या त्याच्या जमिनीत विहीर, आणि शेजाऱ्याने उपसण्याआधी आपण उपसावं म्हणून सगळे रात्रंदिवस पंप चालवत होते. १९३१ मध्ये दर एका पिंपाला १० सेंटच्या आसपास घसरला. गव्हर्नरने विहिरी बंद ठेवायला सैनिक पाठवले. त्यानंतर टेक्सास रेलरोड कमिशन या सरकारी मंडळाने सूत्रं हातात घेतली. नाव रेल्वेचं, कारण ते मूळ रेल्वेवर नियंत्रण ठेवायला स्थापन झालं होतं. कोणत्या विहिरीने महिन्यात किती तेल काढायचं, हे मंडळ ठरवू लागलं. पुढची सुमारे चाळीस वर्षं टेक्सासमध्ये मुद्दाम बंद ठेवलेली क्षमता शिल्लक राहिली, आणि जगाच्या तेलबाजाराचा तोल त्या क्षमतेवर उभा होता.

ही कल्पना ओपेकपर्यंत नेणाऱ्यांतले एक, हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो, हे व्हेनेझुएलाचे मंत्री. १९४८ च्या लष्करी उठावानंतर त्यांना देश सोडावा लागला. अमेरिकेतल्या वास्तव्यात त्यांनी या मंडळाचं काम बारकाईने अभ्यासलं. दुसरे, सौदी अरेबियाचे तेल अधिकारी अब्दुल्ला तारिकी, तर टेक्सासच्या विद्यापीठातच शिकलेले. त्या काळी तेल होतं या देशांचं, पण काढणं, विकणं आणि दर जाहीर करणं हे सगळं 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या हातात होतं. कंपनी जो 'घोषित दर' जाहीर करी, त्यावर देशाला कर मिळे. १९५९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट १९६० मध्ये कंपन्यांनी हा दर परस्पर कमी केला. एका फटक्यात देशांचं उत्पन्न घटलं आणि विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही. महिनाभरात, सप्टेंबर १९६० मध्ये, इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला हे पाच देश बगदादला जमले आणि ओपेकचा जन्म झाला. आज ओपेकबद्दल राग व्यक्त करणाऱ्यांनी ही सुरुवात विसरू नये असं मला मनापासून वाटतं. स्वतःच्या जमिनीतल्या मालाच्या दरावर आपला शब्द चालावा, एवढीच ती मागणी होती.

पहिली दहा वर्षं संघटनेचा फारसा प्रभाव पडला नाही. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेलबंदी केली, तीही फसली. कारण नळ अजून टेक्सासमध्ये होता. इकडून तेल आटलं तसं अमेरिकेने तिकडून वाढवलं.

मग मार्च १९७२ आला. वाढत्या मागणीपुढे टेक्सासच्या मंडळाने विहिरींना पूर्ण क्षमतेने उपसा करायची मुभा दिली. बातमी म्हणून ही फार मोठी नव्हती. पण तिचा अर्थ असा होता की अमेरिकेकडे राखीव असं काही उरलं नाही. नळ हलला होता, आखातात आला होता.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, पुन्हा युद्ध पेटलं. आखाती देशांनी घोषित दर एकदम ७० टक्क्यांनी वाढवून ५ डॉलरच्या पुढे नेला. दुसऱ्या दिवशी अरब तेल उत्पादकांच्या वेगळ्या संघटनेने उत्पादन टप्प्याटप्प्याने घटवायचं जाहीर केलं, आणि त्यापाठोपाठ अमेरिका आणि तिच्या काही मित्रदेशांना तेल बंद झालं. (ही बंदी ओपेकची नव्हती. इराण आणि व्हेनेझुएला तीत नव्हते. हा घोटाळा अजूनही सर्रास होतो.) बाजारातून गेलेलं तेल जगाच्या वापराच्या दहा टक्क्यांहून कमी होतं. पण जानेवारी १९७४ मध्ये दर ११ डॉलर ६५ सेंटवर पोचला होता, म्हणजे तीन महिन्यांत जवळपास चौपट. १९६७ आणि १९७३ मध्ये हत्यार तेच होतं, वापरणारेही बरेचसे तेच. फरक फक्त राखीव क्षमता कोणाकडे, एवढाच होता.

सौदी अरेबियाची पाच वर्षं

मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवून जाणारा भाग १९८१ ते १९८६ चा वाटतो. तेलाच्या बाजारात मोठा असणं म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हे तिथे उघड दिसतं.

इराणमधली क्रांती आणि मग इराण-इराक युद्ध यांमुळे दर ३० डॉलरच्या वर गेले होते. चढ्या दराने दोन गोष्टी घडवल्या. उत्तर समुद्र, अलास्का, मेक्सिको इथलं महागडं तेल परवडू लागलं आणि बाजारात आलं. दुसरीकडे ग्राहक देशांनी वीजनिर्मितीतून तेल हटवलं, कोळसा आणि अणुऊर्जा आणली, गाड्या कमी इंधनावर चालणाऱ्या झाल्या. ओपेकच्या तेलाची गरजच आक्रसली. १९८२ मध्ये संघटनेने पहिल्यांदा प्रत्येक देशाला उत्पादनाचा कोटा ठरवून दिला.

इथे मघाचं गणित पुन्हा काढा. सगळे ९५ पिंपांवर थांबले तर प्रत्येकाला ६,८४०. पण बाकीचे थांबलेले असताना मी एकट्याने १०० काढली, तर मला ७,२०० मिळतात. उलट मी एकट्याने कपात केली आणि बाकीच्यांनी नाही केली, तर दर ६० च्या आसपासच राहतो आणि माझ्या ९५ पिंपांचे जेमतेम ५,७०० होतात. म्हणजे शेजारी शब्द पाळो वा न पाळो, एकट्याचा फायदा जास्त उपसण्यातच. यात कोणी विशेष लबाड असावं लागत नाही. युद्धाचा खर्च, वाढती लोकसंख्या, डोक्यावरचं कर्ज, प्रत्येक सरकारकडे कारण तयार असतं.

तसंच झालं. अनेक सदस्य गुपचूप सवलत देऊन कोट्याबाहेर तेल विकत राहिले. दर टिकवण्याचं ओझं सौदी अरेबियावर आलं, कारण इतरांनी जेवढं वाढवलं तेवढं घटवण्याची क्षमता फक्त त्याच्याकडे होती. १९८० च्या सुमाराला रोज १ कोटी पिंपं काढणारा हा देश १९८५ च्या उन्हाळ्यात २५ लाखांच्या आसपास आला. तेलाचं उत्पन्न चार वर्षांत चौथ्या हिश्शाच्याही खाली गेलं. एका देशाने सगळ्यांसाठी उपास धरला होता, आणि बाकीचे जेवत होते.

१९८५ च्या शेवटी सौदी अरेबियाने तो सोडला. त्याने तेल विकण्याची पद्धतच बदलली. रिफायनरीला तेलापासून पेट्रोल-डिझेल काढून जे पैसे मिळतील, त्यातून तिचा ठरलेला नफा वजा करून उरेल तो कच्च्या तेलाचा दर. रिफायनरीचा नफा पक्का झाल्यावर ती हवं तेवढं तेल उचलणारच. तेलाचा लोंढा आला आणि १९८६ मध्ये दर १० डॉलरच्या घरात कोसळले. ऑक्टोबरमध्ये सौदीचे तेलमंत्री शेख अहमद झाकी यमानी यांना, जवळपास पाव शतक त्या पदावर काढल्यावर, दूर करण्यात आलं.

राखीव क्षमतेचा हा दुसरा उपयोग. बंद नळाने दर चढवता येतो, आणि तोच नळ सोडून नियम मोडणाऱ्यांना शिक्षाही करता येते. मात्र शिक्षा करणाराही त्यात भाजतो.

कोट्यावरची भांडणं

कोटा ठरवायचा कशाच्या आधारावर? साठ्यांच्या, क्षमतेच्या, लोकसंख्येच्या की गरजेच्या? यावर कधीच एकमत झालं नाही. १९८५ मध्ये कुवेतने आपले तेलसाठे जवळपास दीडपट दाखवले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत संयुक्त अरब अमिराती, इराण, इराक, सौदी अरेबिया यांच्याही साठ्यांचे आकडे मोठमोठ्या उड्या मारत वर गेले. तेवढे मोठे नवे शोध लागल्याची वार्ता नव्हती. साठे जास्त तर कोट्यावरचा हक्क मोठा, हे कारण त्यामागे असावं असं अनेक जाणकार मानतात, आणि मलाही ते पटतं.

या भांडणाने एकदा युद्धापर्यंत मजल मारली. आठ वर्षांच्या लढाईने कर्जात बुडालेल्या इराकने १९९० मध्ये आरोप केला की कुवेत आणि अमिराती कोट्यापेक्षा जास्त तेल काढून दर पाडताहेत. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. दोन्ही देशांचं मिळून रोजचं ४० लाख पिंपांहून अधिक तेल बाजारातून गेलं आणि दर ४० डॉलरकडे झेपावला. तेव्हा सौदी अरेबियाने आपला बंद नळ उघडला आणि काही महिन्यांत तुटीचा मोठा भाग भरून काढला. १९७३ मध्ये जी क्षमता धाक म्हणून वापरली गेली, तीच इथे आधार म्हणून कामी आली.

अलीकडे भांडण 'बेसलाइन'वर होतं, म्हणजे कपात कोणत्या आकड्यापासून मोजायची यावर. जुलै २०२१ मध्ये अमिरातीने आपला आधार-आकडा वाढवून मागितला. नव्या क्षमतेवर एवढा पैसा घातला आणि मोजणी जुन्या आकड्यावर, हे मान्य नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून सगळी वाटाघाट अडून बसली आणि शेवटी आकडा वाढवून द्यावा लागला.

कोणी किती तेल काढलं हे मोजायचं कसं, हेही सोपं नाही. सदस्य देश स्वतःचा आकडा सांगतो, पण ओपेक त्यावर विसंबत नाही. बाहेरच्या काही संस्थांचे अंदाज घेऊन त्यांच्यावरून हिशेब होतो. त्या संस्था बंदरातून निघणारी टँकर जहाजं मोजतात, जहाज पाण्यात किती बुडालंय यावरून आत किती तेल असेल ते काढतात, उपग्रहाच्या छायाचित्रांत तेलाच्या टाक्यांच्या तरंगत्या छपरांची सावली पाहून टाकी किती भरली ते ताडतात. जास्त काढल्याचं उघड झालं तर नंतरच्या महिन्यांत तेवढी भरपाईची कपात करायचं वचन घेतलं जातं. इराक आणि कझाकस्तान यांच्याकडून अशी वचनं वारंवार घ्यावी लागली. दंड नाही, कोर्ट नाही. शब्द आणि सौदी अरेबियाचा धीर, एवढ्यावर हे चालतं.

मग दर ठरतो कुठे?

बाजारात. उत्तर समुद्रातलं ब्रेंट, अमेरिकेचं डब्ल्यूटीआय, आखातातलं दुबई आणि ओमान या जातीच्या तेलांचे दर मोजपट्टीसारखे वापरले जातात. यातल्या ब्रेंटची गंमत अशी की त्या मूळ क्षेत्रातून आता अगदी थोडं तेल निघतं, म्हणून त्या नावाखाली उत्तर समुद्रातली इतर तेलं आणि २०२३ पासून टेक्सासचं एक तेलही धरलं जातं. या मोजपट्ट्यांच्या वायद्यांची, म्हणजे पुढच्या तारखेच्या तेलाच्या आजच ठरवलेल्या सौद्यांची, रोज खरेदी-विक्री होते. प्रत्यक्ष निघणाऱ्या तेलाच्या कितीतरी पट तेल कागदावर हात बदलतं.

निर्यातदार देश या मोजपट्टीवर आपला फरक लावतात. सौदी अरेबियाची सरकारी तेल कंपनी अराम्को दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास पुढच्या महिन्याचा 'अधिकृत विक्री दर' कळवते. आशियाच्या ग्राहकांसाठी ओमान-दुबईच्या सरासरीवर इतके डॉलर अधिक किंवा उणे, अशा भाषेत. हा फरक वाढला की समजावं, विकणाऱ्याला मागणी भक्कम वाटते. तो एकदम घटला तर कोणाच्या तरी बाजारहिश्शावर हात पडणार आहे.

आणि वायदे बाजार भविष्याकडे पाहतो, म्हणून नळ फिरवण्याआधी नुसता हात नळाकडे गेला तरी दर हलतो. मंत्र्याचं एक वाक्य, पुढे ढकललेली एक बैठक, एवढं पुरतं.

शेलचं तेल आणि नवे सोबती

२००८ मध्ये अमेरिका रोज सुमारे ५० लाख पिंपं काढत होती. शेल नावाच्या खडकाला उच्च दाबाच्या पाण्याने भेगा पाडून तेल काढायच्या तंत्रामुळे २०१४ पर्यंत ती ९० लाखांच्या जवळ आली. आज ती १ कोटी ३० लाखांच्या वर आहे, जगात सर्वाधिक. ओपेकच्या दृष्टीने यातली अडचण अशी की हे तेल काढणारा कोणी एक मंत्री नाही. शेकडो खासगी कंपन्या आहेत. त्यांच्याशी करार कोण करणार? दर चढला की त्या विहिरी खणतात, आणि या विहिरींतून तेल काही महिन्यांत येतं, वर्षं लागत नाहीत.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हिएन्नाच्या बैठकीत सौदीचे मंत्री अली अल-नैमी यांनी कपातीला नकार दिला. स्वस्तात तेल काढणाऱ्याने महाग तेल काढणाऱ्यासाठी जागा का सोडावी, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड वाटावा असा होता. अराम्कोला एक पिंप जमिनीतून वर काढायला सुमारे ३ डॉलर लागतात. शेलला त्याच्या कितीतरी पट. त्या वर्षी जूनमध्ये ११० डॉलरच्या वर असलेला दर जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेला. अनेक अमेरिकी कंपन्या बुडाल्या, पण उरलेल्या कमी खर्चात जास्त तेल काढायला शिकल्या.

शिवाय ३ डॉलरचा खर्च ही अर्धीच बाजू. या देशांची सरकारं तेलावर चालतात: पगार, अनुदानं, रुग्णालयं, नवी शहरं. हे सगळं भागवून अंदाजपत्रक जुळायला तेलाचा दर किती हवा, हे वेगळंच गणित आहे, आणि सौदी अरेबियासाठी तो आकडा अलीकडच्या वर्षांत ९० डॉलरच्या वर असल्याचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज आहे. विहिरीला परवडतं ते तिजोरीला परवडत नाही.

म्हणून २०१६ च्या शेवटी ओपेकने रशियासह बाहेरच्या देशांना सोबत घेतलं. यालाच ओपेक प्लस म्हणतात. एकट्या ओपेककडे जगाच्या उत्पादनाचा साधारण तिसरा हिस्सा उरला होता, तेवढ्याने भागत नव्हतं.

ही सोयरीक मार्च २०२० मध्ये तुटायला आली. महामारीने मागणी घसरत असताना सौदी अरेबियाला आणखी कपात हवी होती, रशियाने ती नाकारली. सौदीने दुसऱ्याच दिवशी विक्रीदरात जबर घट केली, आणि काही दिवसांतच उत्पादन १ कोटी २० लाखांच्या वर न्यायचं जाहीर केलं. सोमवारी बाजार उघडला तेव्हा ब्रेंट एका दिवसात जवळपास पाव हिश्शाने पडलं. महिनाभरात दोघे पुन्हा एकत्र आले आणि १२ एप्रिलला रोज ९७ लाख पिंपांची कपात ठरली, इतिहासातली सर्वांत मोठी. तरीही आठवड्याभराने, २० एप्रिलला, अमेरिकेतल्या मे महिन्याच्या वायद्याचा दर शून्याच्या खाली उणे ३७ डॉलर ६३ सेंटपर्यंत गेला. कपात मे महिन्यापासून होती, मागणी आत्ताच कोसळली होती, आणि त्या वायद्याचं तेल जिथे ताब्यात घ्यायचं त्या ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या. पुरवठा आवरणाऱ्याच्या हातात मागणी नसते, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिलं.

कागदावरची कपात

बातमीतला आकडा आणि बाजारातून खरंच कमी होणारं तेल, यांत फरक असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओपेक प्लसने २० लाख पिंपांची कपात जाहीर केली. पण नायजेरिया, अंगोला असे कित्येक देश आधीच आपल्या कोट्याइतकं तेल काढू शकत नव्हते. विहिरी जुन्या, गुंतवणूक आटलेली, पाइपलाइनमधून चोरी. ज्याला १८ काढता येत नाहीत, त्याचा कोटा १८ वरून १७ केला तर बाजाराला काय फरक? खरी कपात जाहीर आकड्याच्या साधारण निम्मी भरली. आपला कोटा कमी होतोय यावर नाराज होऊन अंगोला २०२४ च्या सुरुवातीला संघटनेतूनच बाहेर पडला. त्याआधी कतार आणि इक्वेडोरही गेले होते.

२०२३ मध्ये सौदी अरेबियाने स्वतःहून आणखी कपात करून उत्पादन ९० लाखांवर आणलं. दर थोडा सावरला, पण दरम्यान अमेरिका, ब्राझील, कॅनडा, गयाना यांचं तेल वाढत राहिलं. गयानाने तर २०१९ च्या डिसेंबरपर्यंत एक पिंपही काढलं नव्हतं. १९८५ ची आठवण व्हावी असंच चित्र होतं. एप्रिल २०२५ पासून आठ देशांनी ऐच्छिक कपात टप्प्याटप्प्याने मागे घ्यायला सुरुवात केली, ती याच दबावाखाली.

म्हणून ओपेकची बातमी वाचताना मी आधी एकच आकडा शोधतो: या क्षणी वापरात नसलेली, पण महिनाभरात सुरू होऊन निदान तीन महिने टिकेल अशी क्षमता जगात किती आहे. ती भरपूर असेल तर कुठे स्फोट झाला तरी बाजार फार काळ घाबरत नाही. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियातल्या अबकैक इथल्या तेलप्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला आणि रोजचं ५७ लाख पिंपांचं उत्पादन थांबलं. पहिल्या व्यवहाराच्या दिवशी दर १५ टक्क्यांच्या आसपास उसळला, पण टाक्यांत साठा होता, दुरुस्ती काही आठवड्यांत झाली आणि दर खाली आला.

ग्राहक देशांनीही आपला नळ तयार केला आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्यांना निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो. २०२२ मध्ये अमेरिकेने आपल्या राखीव साठ्यातून १८ कोटी पिंपं बाजारात आणायचं ठरवलं. पण साठा संपतो, तो पुन्हा विकत घेऊन भरावा लागतो. जमिनीखालची राखीव क्षमता महिनोन्‌महिने चालू ठेवता येते, म्हणून बाजार तिला जास्त वजन देतो.

या क्षमतेची एक बाजू मात्र भूगोलाने ठरवली आहे. ती बहुतेक सगळी सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत आणि इराक यांच्याकडे आहे, आणि तिथलं तेल बाहेर पडतं होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. सर्वांत चिंचोळ्या जागी ती साधारण ३३ किलोमीटर रुंद आहे, आणि जहाजांना येण्याजाण्यासाठी आखून दिलेला प्रत्येक मार्ग तर सुमारे ३ किलोमीटरचा. जगाच्या वापरातल्या तेलाचा जवळपास पाचवा हिस्सा तिथून जातो. सौदी अरेबियाची तांबड्या समुद्राकडे जाणारी आणि अमिरातीची फुजैराला जाणारी पाइपलाइन थोडा भार उचलू शकते. कुवेतला दुसरी वाटच नाही. १९९० मध्ये जगाला सावरणारा तो बंद नळ त्या चिंचोळ्या वाटेच्या आतल्या बाजूला आहे, आणि वाट अडली तर तो उघडूनही त्यातलं बरंचसं तेल आतच राहतं.